दुसऱ्या मुलाचा हिशेब तुम्ही कसा मांडलात?

हिशेबनीस (धागाकर्ता)

नमस्कार. गेले सहा महिने आमच्या घरी रात्रीच्या जेवणानंतर एकच विषय निघतो आणि मुलगी पाणी मागायला उठली की तो तेवढ्यावरच थांबतो. मुलगी साडेचार वर्षांची आहे, माझे वय ३६, पत्नीचे ३४. दुसऱ्या मुलाचा निर्णय घ्यायचा असेल तर तो येत्या वर्षभरात घ्यावा, यावर आमचे एकमत आहे. निर्णय काय असावा यावर नाही.

आम्ही दोघेही पुण्यात नोकरी करतो. मी स्वभावाने कागदावर मांडल्याशिवाय चैन न पडणारा असल्यामुळे २०४७ पर्यंतचा तक्ता तयार केला. गृहकर्जाचा हप्ता ४८,००० रुपये, तो २०३९ पर्यंत चालेल. पाळणाघराचे महिन्याला १२,००० जातात. शाळेचे शुल्क बससह वर्षाला १ लाख ४० हजार आहे आणि दरवर्षी ८ ते १० टक्क्यांनी वाढते. दोन्हीकडचे मिळून तीन ज्येष्ठ हयात आहेत, त्यांची औषधे आणि विम्याचे हप्ते वेगळे. हा तक्ता असे सांगतो की दुसरे मूल झाल्यास २०३३ ते २०३८ ही सहा वर्षे महिनाअखेरीस आमच्या हाती काहीही उरणार नाही. आम्ही उपाशी राहणार नाही हे उघड आहे. परंतु एक तर दोन्ही मुलांना सध्याच्या शाळेत ठेवता येणार नाही किंवा स्वतःच्या म्हातारपणासाठीची बचत थांबवावी लागेल.

माझा प्रश्न असा की तुम्ही निर्णय घेताना कोणत्या रकमा धरल्यात, आणि कोणत्या रकमा धरायच्या राहून गेल्या हे पुढे लक्षात आले? मूल ही देवाची देणगी आहे, अशा आशयाच्या प्रतिसादांबद्दल आदर आहे. परंतु ते आम्हाला घरी दोन्ही बाजूंकडून भरपूर मिळत आहेत.

अर्धविराम

२०४७ पर्यंतचा तक्ता मांडणाऱ्या गृहस्थांना दुसऱ्या अपत्यापेक्षा लेखापरीक्षकाची अधिक आवश्यकता आहे, असे माझे नम्र मत आहे.

पेठेतला

देणगीचा उल्लेख नको असे बजावल्यामुळे तो करत नाही, पण अनुभव सांगतो. माझे वडील साताऱ्याला एका शाळेत कारकून होते. आम्ही सहा भावंडे, घर दोन खोल्यांचे. सकाळी दूध आले की आई त्यात सर्वांदेखत पाणी घालत असे आणि त्याबद्दल कोणालाही काही वाटत नसे. मोठ्याची चड्डी मधल्याला, मधल्याची धाकट्याला, आणि पुस्तके तर वर्गातून वर्गात तीच. आम्ही सगळे मार्गी लागलो. ज्याने चोच दिली तो चारा देईलच, हे म्हणणाऱ्यांना हिशेब येत नव्हता असे समजू नये. माझ्या वडिलांना आण्यापर्यंतचा हिशेब येत होता. तुमची पिढी मुलाला जन्म देण्याआधीच त्याच्या पदवीचे पैसे बाजूला काढू पाहते, आणि ते निघत नाहीत म्हणून मूलच नको म्हणते, हा माझ्या मते हिशेब नसून भीती आहे.

लोकगणित

पेठेतला यांचा मुद्दा रंजक असला तरी त्यांच्या वडिलांच्या काळची आणि आजची परिस्थिती एका तराजूत तोलता येणार नाही. मी लोकसंख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे चार आकडे देण्याचा मोह आवरत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत, म्हणजे १९९२-९३ मध्ये, देशात एका स्त्रीमागे सरासरी ३.४ मुले होती. पाचव्या फेरीत (२०१९-२१) हा आकडा २.० वर आला. महाराष्ट्रात तो १.७ आहे आणि गोव्यात १.३. लोकसंख्या आहे तेवढी राहण्यासाठी साधारण २.१ लागतात. म्हणजे हिशेबनीस ज्या प्रश्नाशी झगडत आहेत, त्याचे उत्तर महाराष्ट्रातील पुष्कळ जोडप्यांनी न बोलता देऊन टाकले आहे.

यामागचे अर्थशास्त्र गॅरी बेकर यांनी १९६० मध्ये मांडले होते, आणि त्यांना पुढे १९९२ चे अर्थशास्त्राचे नोबेलही मिळाले. उत्पन्न वाढले म्हणून लोक अधिक मुले होऊ देत नाहीत, तर आहेत त्या मुलांवर अधिक खर्च करू लागतात, असे त्यांचे थोडक्यात म्हणणे. एका मुलावर वर्षाला १ लाख ४० हजार खर्च करणारे घर दुसऱ्या मुलावर ४० हजार खर्च करून समाधानी राहू शकत नाही. म्हणून दुसऱ्या मुलाची किंमत ठरते ती पहिल्याला तुम्ही कोणत्या शाळेत घातले त्यावरून. हिशेबनीस यांच्या तक्त्यात शाळेचे शुल्क दिलेल्या वस्तुस्थितीसारखे आले आहे. वास्तविक ती त्यांनी केलेली निवड आहे.

धोटा

लोकगणित सरांनी जे पुस्तकातून सांगितले ते मी घरात पाहिले आहे. मी इचलकरंजीचा. वडिलांचे आठ यंत्रमाग होते, आता माझ्याकडे चार उरले आहेत. मला दोन मुलगे, दोघांत तीन वर्षांचे अंतर. थोरल्याला इंग्रजी माध्यमात घातले तेव्हा कापडाला भाव होता. धाकट्याची वेळ आली तेव्हा सुताचे दर चढलेले, मजुरी तीच आणि विजेचे बिल वाढलेले. दोघांची फी झेपणार नव्हती. थोरल्याला मध्येच काढणे बरे दिसेना, म्हणून धाकट्याला नगरपालिकेच्या मराठी शाळेत घातले. खासगी शाळांत शिक्षण हक्क कायद्याने ठेवलेल्या २५ टक्के राखीव जागांसाठीही चौकशी केली होती, पण तिथे वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाखाची. कागदोपत्री माझे उत्पन्न त्याहून जास्त आणि हातात मात्र काही नाही, अशी माझी गत.

शाळा चांगली होती, गुरुजी तळमळीचे होते, याबद्दल माझी तक्रार नाही. पण सकाळी एकाच दारातून दोघे निघत. थोरला बूट-टाय घालून बसची वाट पाहत उभा, आणि धाकटा चपला घालून दप्तर पाठीला लावून पायी चालू लागलेला. एकदा पावसात बस उशिरा आली तेव्हा धाकट्याने आपली छत्री थोरल्याच्या डोक्यावर धरली, कारण थोरल्याचे बूट भिजले तर मॅडम रागावतात हे त्याला ठाऊक होते. मी मागाजवळून हे पाहिले. आज धाकटा डिप्लोमा करून नोकरीला लागला आहे, थोरला अजून परीक्षा देतो आहे, म्हणजे शाळेने काही ठरले असेही नाही. तरीसुद्धा दोघांत भांडण झाले की धाकटा अजून एकच वाक्य बोलतो, आणि ते मी इथे लिहीत नाही.

हिशेबनीस, तुम्ही शाळा बदलणार असाल तर दोघांचीही बदला, एवढेच सुचवतो.

मृद्गंध

पेठेतला यांना एक प्रश्न विचारावासा वाटतो. आपण सहा भावंडांपैकी बहिणी किती, आणि त्या किती शिकल्या?

आता मूळ प्रश्नाकडे येते. मी संगणक क्षेत्रात ११ वर्षे काम केले. पहिल्या बाळंतपणानंतर कामावर परतले, दुसऱ्यानंतर परतले नाही. प्रसूतिलाभ कायद्यात २०१७ मध्ये सुधारणा झाल्यावर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळू लागली आणि ती मला मिळालीही. परंतु २६ आठवडे म्हणजे सहा महिने, आणि सहाव्या महिन्यात मूल जेमतेम बसायला लागलेले असते. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असावी, असेही त्याच सुधारणेत होते. आमच्याकडे ती कागदावर होती, म्हणजे चौदा किलोमीटरवरच्या एका पाळणाघराशी कंपनीचा करार होता. रजेवरून आले तेव्हा माझा प्रकल्प दुसऱ्याकडे गेलेला होता. कोणी अपशब्द काढला नाही, कोणी काढून टाकले नाही. फक्त मला विचारणे थांबले. दुसऱ्या खेपेला थोरला पाच वर्षांचा, धाकटी सहा महिन्यांची, सासूबाईंचे गुडघ्याचे ऑपरेशन आणि यजमानांची फिरतीची नोकरी. मी राजीनामा दिला तो 'सध्यापुरता' म्हणून. त्याला आता सात वर्षे झाली.

दुसऱ्या मुलाचा माझ्या घरातला सर्वांत मोठा खर्च शाळेचा नव्हता आणि दवाखान्याचाही नव्हता. तो माझा पगार होता. हिशेबनीस, आपल्या तक्त्यात पत्नीच्या पगाराची ओळ २०४७ पर्यंत कशी धावते, ते कृपया पाहून सांगावे.

हिशेबनीस

मृद्गंध, आत्ता तक्ता उघडून पाहिला आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर ओशाळलो. तिच्या पगाराची ओळ दरवर्षी ७ टक्क्यांनी वाढत सरळ २०४७ पर्यंत गेली आहे. रजा नाही, खंड नाही, बढती हुकलेली नाही. माझ्या पगाराची ओळही अगदी तशीच आहे, पण ती तशी असण्यात फारशी चूक नाही, हेच बहुधा आपल्याला सांगायचे असावे.

अर्धविराम

सूत्र एका ओळीतून दुसऱ्या ओळीत ओढण्याची सवय कार्यालयात ठीक आहे, घरी महागात पडते.

कलम_ऐंशी

व्यवसायाने सनदी लेखापाल असल्यामुळे थोडे रूक्ष लिहितो. दोन मुलांपर्यंतच्या शिकवणी शुल्काला जुन्या करपद्धतीत कलम ८०सी खाली दीड लाखाच्या एकूण मर्यादेत वजावट मिळत आली आहे. मात्र त्याच दीड लाखात भविष्य निर्वाह निधी, विमा आणि गृहकर्जाची मुद्दलही बसवायची असल्यामुळे हिशेबनीस यांच्यासारख्यांची ती मर्यादा शाळेच्या आधीच भरलेली असते. नव्या करपद्धतीत ती वजावटच नाही. मुलांच्या शिक्षणाचा करमुक्त भत्ता वर्षानुवर्षे महिन्याला १०० रुपये प्रत्येकी, तोही दोनच मुलांसाठी, असा राहिला. एवढ्यात कंपासपेटी आली तरी आनंद मानावा. सुकन्या समृद्धी योजना २०१५ पासून आहे, त्यात वर्षाला कमाल दीड लाख आणि १५ वर्षे भरता येतात, सर्वसाधारणपणे दोन मुलींपर्यंत. हे सर्व उपयोगाचे आहे, पण कर वाचतो म्हणून मूल होऊ द्यावे असा सल्ला मी आजवर एकाही अशिलाला दिलेला नाही. एक व्यावहारिक गोष्ट मात्र सांगतो. बहुतेक आरोग्य विम्यांत बाळंतपणाच्या खर्चासाठी प्रतीक्षाकाळ असतो. विचार पक्का होण्याआधीच पॉलिसीचा तो परिच्छेद वाचून ठेवावा, कारण आमच्याकडे लोक तो वाचायला येतात तेव्हा पाचवा महिना लागलेला असतो.

पेठेतला

मृद्गंध यांच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला दोन दिवस घेतले. बहिणी दोघी. थोरली सातवीनंतर घरी बसली, कारण आईला एकटीने सहा जणांचे होत नव्हते. धाकटी मॅट्रिकपर्यंत गेली आणि मग शिवणकाम करू लागली. माझ्या महाविद्यालयाची पहिल्या वर्षाची फी तिने शिवलेल्या परकर-पोलक्यांच्या पैशांतून भरली गेली होती. 'आम्ही सगळे मार्गी लागलो' असे मी वर लिहिले आहे. ते वाक्य मागे घेत नाही, पण ते लिहिताना डोळ्यांपुढे आम्ही चार भाऊच होतो, हे खरे.

माजघर

हा धागा पहिल्या दिवसापासून वाचते आहे. वय ६४. मुक्काम गेली पाच वर्षे ठाण्याला मुलाकडे, घर नाशिकला. नाशिकच्या घरात हे एकटे राहतात, सकाळी स्वतः पोहे करतात आणि दुपारी डबा लावला आहे. नातू पाच वर्षांचा आणि नात दीड वर्षाची आहे. दुसऱ्या वेळी सुनेने मला आधी विचारले होते, "आई, तुम्ही आणखी तीन वर्षे राहाल का?" मी हो म्हटले. तिने विचारले याचे मला अजून कौतुक आहे, कारण माझ्या मैत्रिणींपैकी बहुतेकींना कोणी विचारले नाही. त्यांना तिकीट पाठवले.

हिशेबनीस, तुमच्या तक्त्यात आजी असेल तर तिच्यापुढे किती रक्कम लिहिली आहे? माझ्या मुलाने असाच एक तक्ता केला होता. मी चष्मा शोधताना तो मला टेबलावर सापडला. 'पाळणाघर' या ओळीपुढे शून्य लिहिले होते आणि कंसात 'आई'. मला राग आला नाही, हसू आले, पण त्या शून्यात मी नाशिकचे भजनी मंडळ, माझे फिरणे, ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांवर लक्ष ठेवणे आणि माझ्या कंबरेचा पट्टा, एवढे सगळे मोजले. मुलाला ते म्हटले तेव्हा तो गोरामोरा झाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारसाठी बाई शोधली. आता शून्याच्या जागी ९,००० आहेत.

जाता जाता एक गंमत सांगते. माझ्या आईची हिशेबाची वही माझ्याकडे आहे, लाल कापडाच्या पुठ्ठ्याची. माझ्या धाकट्या भावाच्या जन्माच्या महिन्यात तिने लिहिले आहे: डिंक, खारीक, खोबरे, सुईणीला लुगडे, आणि त्याखाली 'भिशी बंद'. पुढची तीन वर्षे भिशीचा उल्लेख नाही. ती भिशी तिची स्वतःची एकमेव बचत होती. कोणाचा खर्च कुठून निघतो, हे त्या दोन शब्दांत मला समजले.

एकटीच

सर्वजण दुसऱ्या मुलाच्या खर्चाबद्दल बोलत आहेत. मी दुसरे मूल नसण्याच्या खर्चाबद्दल लिहिते. मी आई-वडिलांचे एकुलते एक अपत्य. त्यांनी आर्थिक विचार करूनच एकावर थांबायचे ठरवले होते आणि त्याचा मला लाभच झाला. चांगले शिक्षण मिळाले, स्वतःची खोली मिळाली, सायकल नवी मिळाली. आज मी ४१ वर्षांची आहे. वडिलांना पार्किन्सन आहे, आईला दिसणे कमी झाले आहे. काळजीवाहू व्यक्तीचे दोन पाळ्यांचे महिन्याला ३८,००० देते, आणि ते एकटी देते. पैशाचे एक वेळ जमते. पण अतिदक्षता विभागाबाहेर पहाटे तीन वाजता डॉक्टरांनी 'पुढे काय करायचे' असे विचारल्यावर वळून पाहायला कोणी नव्हते.

माझे हे म्हणणे दुसऱ्या मुलाच्या बाजूने धरायचे की नाही, ते मला ठरवता येत नाही, कारण भावंडे असूनही एकटीने करणाऱ्या दोन बायका मी त्याच बाकावर पाहिल्या. पण हिशेबनीस, तुमचा तक्ता २०४७ ला संपतो. तेव्हा तुम्ही साठीकडे आलेले असाल. माझा खर्च तिथून पुढे सुरू झाला.

लघुलेखक

मी राज्य शासनाच्या सेवेत आहे. आमच्याकडे २००५ च्या लहान कुटुंबाच्या नियमांमुळे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते आणि दोनपेक्षा अधिक अपत्ये असल्यास नेमणूकच होत नाही. त्यामुळे तिसऱ्याचा हिशेब शासनाने आधीच करून ठेवला आहे, आणि दुसऱ्याचा सौभाग्यवतींनी. मला स्वतःला काही मांडण्याची संधीच मिळाली नाही.

पांढरीमाती

धागा वाचताना पुनःपुन्हा वाटत राहिले की आपण ज्याला हिशेब म्हणतो तो महिन्याला पगार घेणाऱ्यांचा आहे. मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. आमच्याकडे दिवाळी झाली की निम्मा वर्ग ओस पडतो. ऊसतोडीला जाणाऱ्यांची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, मुकादमाकडून आधीच घेतलेली असते आणि ती मिळते जोडीला. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. त्यामुळे मुलगा वयात आला की त्याचे लग्न उरकण्याची घाई होते, मुलगी कोवळी असली तरी. लवकर लग्न, लवकर मुले, आणि मुले फडात सोबत. थोरली मुलगी कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, धाकट्याला सांभाळते म्हणून आईला तोडणीला जाता येते. गावात हंगामी वसतिगृह चालू झाले तर काही मुले मागे राहतात. पण तान्ह्याला सांभाळणारी मुलगी मागे ठेवणे आई-बापांना परवडत नाही. म्हणजे इथे मूल हा खर्चही आहे आणि खर्च भागवणारे हातही तेच आहेत.

एक दिवस काम बुडाले तर खाडा धरला जातो आणि पैसे कापले जातात. आजारपण आणि पाळीचा त्रास यांमुळे खाडा नको म्हणून दोन-तीन मुले झाली की तिशीच्या आतबाहेर 'पिशवी काढून' टाकलेल्या बायका माझ्या विद्यार्थ्यांच्या आया आहेत. २०१९ मध्ये हे वर्तमानपत्रांत गाजले, शासनाने समितीही नेमली. आपल्याकडे मूल किती असावे हे उत्पन्नाने ठरते असे आपण म्हणतो. तिथे गर्भाशय ठेवायचे की नाही, हेसुद्धा उचलीने ठरले.

शासनाची 'लेक लाडकी' योजना आहे. १ एप्रिल २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलीला, घराचे शिधापत्रक पिवळे किंवा केशरी असल्यास, जन्मल्यावर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि १८ वर्षांची झाल्यावर ७५,००० रुपये मिळतात. एका आईने मला विचारले, "गुरुजी, पंचाहत्तर हजार अठराव्या वर्षी, अन् उचल तर आत्ताच मिळते ना?" तिचा हिशेब चुकीचा आहे असे मला म्हणता आले नाही.

अर्धविराम

पांढरीमाती यांच्या प्रतिसादानंतर विनोद करण्याची इच्छा नाही. आभार.

निःशब्द

मी फारसा लिहीत नाही. आम्ही दोघांनी आधी घर, मग मूल, असे ठरवले होते. गृहकर्जाचे पहिले दहा हप्ते, मग गाडी, मग तिची बढती. प्रत्येक वेळी 'अजून दोन वर्षे' म्हणायला आर्थिक कारण होते आणि ते खरेही होते. ती ३७ ची झाली तेव्हा थांबवणे सोडले, आणि तेव्हा झाले नाही. कृत्रिम गर्भधारणेच्या तीन खेपा झाल्या. पहिली बचतीतून, दुसरी सोने मोडून, तिसरी वैयक्तिक कर्ज काढून. २०२१ च्या कायद्याने या उपचारांसाठी स्त्रीच्या वयाची मर्यादा ५० ठेवली आहे. आमची पैशाची मर्यादा त्याच्या बरीच आधी संपली. घराचे कर्ज आता फिटत आले आहे. मागची खोली रिकामी आहे, तिथे इस्त्रीचे टेबल ठेवले आहे.

थांबण्याचीही किंमत असते आणि ती तक्त्यात येत नाही, कारण ती कोणत्या वर्षी भरावी लागेल हे माहीत नसते. हिशेबनीस यांना एक मूल आहे, त्यामुळे त्यांची स्थिती वेगळी आहे. फक्त 'येत्या वर्षभरात ठरवू' याचे 'आणखी दोन वर्षांनी पाहू' होऊ देऊ नये.

ऱ्हाइनकाठ

निःशब्द, आपला प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहावेसे वाटले नाही.

मी जर्मनीत कोलोनजवळ राहते, दोन मुले आहेत. इथे सरकार मुलांचा बराच खर्च उचलते. २०२३ पासून प्रत्येक मुलामागे महिन्याला २५० युरो मिळू लागले, ते श्रीमंतालाही आणि गरिबालाही. पुढे रक्कम थोडी वाढली. मूल १८ वर्षांचे होईपर्यंत आणि शिकत असेल तर २५ पर्यंत ते चालू राहतात. बाळंतपणानंतर आई-वडिलांनी रजा वाटून घेतली तर दोघांची मिळून १४ महिने, साधारणपणे निव्वळ पगाराच्या दोनतृतीयांशाच्या आसपास, कमाल १,८०० युरोंपर्यंत मदत मिळते. माझ्या नवऱ्याने धाकट्याच्या वेळी दोन महिने घेतले, तेव्हा सोलापूरहून सासऱ्यांचा फोन आला होता, की नोकरी गेली का?

इतके असूनही इथे २०२३ मध्ये एका स्त्रीमागे सरासरी १.३५ मुले होती, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा कमी. तेव्हा पैसे दिले की मुले होतात असे नाही. २०१३ पासून इथे एक वर्षाच्या मुलाला पाळणाघरात जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे, पण आम्हाला प्रत्यक्ष जागा मिळायला आठ महिने लागले. ते आठ महिने मी अर्धवेळ काम केले. मृद्गंध यांचा अनुभव वाचताना वाटले, की रक्कम युरोत असो की रुपयांत, तूट आईच्याच खात्यात दाखवली जाते. माजघर यांच्यासारखी आजी इथे नाही, हा आमचा सर्वांत मोठा खर्च. व्हिसावर तीन महिन्यांसाठी आई आली होती, ती परत गेली त्या रात्री मी पहिल्यांदा हिशेब मांडायला बसले.

धोटा

पांढरीमाती गुरुजींनी म्हटले तसे आमच्या यंत्रमागावरही आहे. कांड्या, म्हणजे धोट्यातल्या सुताच्या नळ्या, भरायला पूर्वी घरची मुलेच बसत. आता कोणी बसवत नाही आणि बसवूही नये. पण त्यामुळे चार माणसांचे घर दोन माणसांच्या कमाईवर चालवावे लागते, हेही तितकेच खरे.

लोकगणित

एक छोटी पुरवणी. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, आणि या विषयावर उघड बोलण्यापायी त्यांना १९२५ मध्ये महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. मुले किती असावीत याचा विचार माणसाने स्वतः करावा, एवढेच सांगण्यासाठी त्यांनी स्वतःचा पगार मोजला. शासनाचा कुटुंब नियोजन कार्यक्रम १९५२ चा, म्हणजे त्यानंतर तीन दशकांनी आला. आज आपण इथे निर्धास्तपणे ही चर्चा करतो आहोत म्हणून आठवण काढली.

संपादक

कर्वे यांच्यावर स्वतंत्र धागा काढल्यास स्वागत आहे. येथे मूळ प्रश्नापुरतेच लिहावे, ही विनंती.

हिशेबनीस

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रविवारी आम्ही दोघांनी तक्ता पुन्हा मांडायला घेतला. या वेळी लॅपटॉप पत्नीकडे होता. तिने केलेले बदल असे: तिच्या पगाराच्या ओळीत तिने दोन वर्षांची घट दाखवली आणि माझ्या ओळीतही एका वर्षाची, कारण तिचे म्हणणे असे की दुसऱ्या खेपेला सहा महिन्यांनंतरची रजा मी बिनपगारी घ्यावी. माझी कंपनी ती देईल का, हे मला आजवर विचारावेसेच वाटले नव्हते. सोमवारी विचारणार आहे. 'पाळणाघर' या ओळीत माझ्या आईच्या नावापुढे शून्य होते, ते तिने पुसले, आणि आईला फोन लावून विचारले. आई म्हणाली, "एक वर्ष येईन, पण मंगळवारी आणि शुक्रवारी माझी योगवर्गाची वेळ सुटणार नाही." ते आम्ही तक्त्यात लिहिले आहे. शाळेच्या ओळीवर अडलो. धोटा यांचा छत्रीचा प्रसंग मी तिला वाचून दाखवला. त्यानंतर 'दोघांसाठी एकच शाळा' असे तिने वर ठळक अक्षरांत लिहिले आणि जवळच्या तीन मराठी शाळा व एक कमी शुल्काची इंग्रजी शाळा पाहायचे ठरले. म्हातारपणाची बचत थांबवायची नाही, हे एकटीच यांच्या प्रतिसादामुळे ठरले.

सहा वर्षे शिल्लक शून्य, तिथे आता नऊ वर्षे शिल्लक अगदी थोडी, असे चित्र आले आहे. आकडे आधीपेक्षा वाईट आहेत आणि आश्चर्य म्हणजे आम्ही आधीपेक्षा 'हो'च्या जवळ आहोत. निर्णय झालेला नाही. निःशब्द, दिवाळीच्या आत ठरवायचे असे दिनदर्शिकेवर लिहून ठेवले आहे.

माजघर

मंगळवार-शुक्रवारची अट घालणाऱ्या तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगावा. मला ही अट पाच वर्षांपूर्वी सुचायला हवी होती.

कलम_ऐंशी

बिनपगारी रजेच्या वर्षात आपला आरोग्य विमा कंपनीचा आहे की स्वतःचा, हे सोमवारी त्याच बैठकीत विचारून घ्यावे.

मृद्गंध

हिशेबनीस, आकडे काढून टाकून तो नवा तक्ता मला पाठवता येईल का? मी पुन्हा नोकरीसाठी अर्ज करते आहे, आणि या वेळी तक्ता यजमानांनी भरावा अशी इच्छा आहे.

हिशेबनीस

व्यक्तिगत निरोपातून पाठवला आहे. तिसऱ्या पानावरचे सूत्र ओढू नये, प्रत्येक वर्ष हाताने भरावे.